रीफ टँकमध्ये शिरलेले धातू: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

खाऱ्या पाण्याची, प्रवाळ वाढवण्याची टाकी (रीफ टँक) घरी सांभाळणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी आणि अथणी या भागांतून वाढत्या संख्येने येत आहेत. त्यांतील बऱ्याच पत्रांचा रोख एकाच दुखण्याकडे आहे, तो म्हणजे पाण्यात नकळत उतरलेले तांबे, जस्त, निकेल यांसारखे धातू. त्यामुळे या अंकातील सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: माझी सुमारे 200 लिटरची मरीन टाकी दोन वर्षे उत्तम चालली होती. लेदर कोरल, झोआ आणि मशरूम असे मऊ प्रवाळ, दोन क्लाउन मासे, एक क्लीनर कोळंबी आणि काच साफ ठेवणाऱ्या गोगलगायी एवढा परिवार आहे. दिवाळीनंतर गोगलगायी एकामागून एक काचेवरून गळून पडू लागल्या, कोळंबी कात टाकताना मेली आणि लेदर कोरल आठवडेच्या आठवडे मिटलेलेच असते. मासे मात्र ठणठणीत आहेत. क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट, अल्कलिनिटी सगळे व्यवस्थित आहे. तांब्याचे टेस्ट किट आणून पाहिले, तर ते शून्य दाखवते. गणपतीच्या सुमारास घरचे आरओ यंत्र बदलले, एवढाच काय तो फरक. ‘जड धातू निष्प्रभ करणारे’ द्रव टाकावे, असे दुकानदार म्हणतात. टाकावे का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: ते द्रव तूर्त टाकू नये. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण अगदी शेवटी आणि जाता जाता लिहिले आहे, ते म्हणजे आरओ यंत्र बदलल्याचे. आणि आमच्या मते शोधाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आधी लक्षणांविषयी. मासे धडधाकट, पण गोगलगायी, कोळंबी आणि मऊ प्रवाळ आजारी, हे चित्र तांब्याच्या विषबाधेशी चांगलेच जुळते. माशांवरील परजीवी मारण्यासाठी स्वतंत्र टाकीत 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम प्रतिलिटर इतके मुक्त तांबे मुद्दाम ठेवले जाते आणि बहुतेक मासे ते कित्येक दिवस सोसतात, तर तेवढ्याच तांब्यात गोगलगायी आणि कोळंब्या तग धरत नाहीत. अर्थात असे चित्र केवळ तांब्यामुळेच दिसते असे नाही. त्याच खोलीत डास किंवा झुरळे मारण्याचा फवारा मारला गेला असेल, तरी कोळंबीवर्गाचा बळी आधी जातो. क्षारता एकाएकी खाली-वर झाली, तरी गोगलगायी काच सोडतात. या दोन्ही शक्यता आपण मनाशी तपासून पाहाव्यात. तथापि दिवाळीपासून आजवर हळूहळू वाढत गेलेला त्रास हा एखाद्या दिवसाच्या अपघातापेक्षा रोज थोडे थोडे साचत जाणाऱ्या गोष्टीकडे अधिक बोट दाखवतो.

आता किटच्या शून्याविषयी. दुकानात मिळणारी तांब्याची किट मुळात माशांच्या औषधोपचाराचे प्रमाण मोजण्यासाठी बनवलेली असतात. त्यांच्या रंगतक्त्यातील पहिली फिकट छटा सहसा 0.05 किंवा 0.1 मिलिग्रॅमला, म्हणजेच 50 ते 100 मायक्रोग्रॅम प्रतिलिटरला उमटते. मोकळ्या समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्यात तांबे एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असते. म्हणजे किटवर पहिली छटा दिसण्याआधीच आपल्या टाकीत समुद्राच्या शंभर-दोनशे पट तांबे झालेले असू शकते. तेव्हा किटने रंग दाखवला तर तो नक्कीच गांभीर्याने घ्यावा, पण शून्य दाखवले म्हणून निर्धास्त होऊ नये.

आरओ यंत्राकडे येऊ. पिण्याचे पाणी शुद्ध करणारी बरीच नवी यंत्रे गाळलेल्या पाण्यात मुद्दाम तांबे मिसळतात. तांब्याच्या हंड्यातले, रात्रभर ठेवलेले पाणी पिण्याची आपल्याकडची रीत लक्षात घेऊनच ही सोय दिली जाते, आणि माणसासाठी त्यात वावगे काही नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा 0.05 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ती 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. ही मर्यादा माणसाच्या पिण्याच्या पाण्याचा विचार करून ठरवलेली आहे. गोगलगायीच्या किंवा प्रवाळाच्या शरीराचा विचार त्यात नाही. ‘पिण्यास उत्तम’ असलेले पाणी रीफ टँकला घातक ठरू शकते, ते यामुळेच.

आपण यंत्राचे पुढचे झाकण उघडून पाहावे. मेम्ब्रेनच्या जाड नळकांड्यातून निघालेली बारीक पांढरी नळी शेवटच्या एक-दोन छोट्या कार्ट्रिजमधून जाऊन मग साठवण टाकीत उतरते. त्या कार्ट्रिजवर ‘कॉपर’, ‘मिनरल’, ‘अल्कलाइन’ असे काही छापलेले आढळेल. शेजारीच बहुधा स्क्रूने फिरणारा एक छोटा कॉक असतो, तो टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर. त्यातून न गाळलेले पाणी थोडेसे परत मिसळले जाते. काही यंत्रांत साठवण टाकीलाच आतून तांब्याचा भाग असतो. आणि बाहेर ओट्यावर चकाकणारा जो बाकदार नळ असतो, तो पुष्कळदा पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेला असतो. क्षार काढून टाकलेले पाणी अशा नळात रात्रभर उभे राहिले, की पितळेतील तांबे आणि जस्त सहज उचलते. तेव्हा टाकीसाठीचे पाणी मेम्ब्रेनमधून बाहेर पडल्या पडल्या, या सगळ्या भागांच्या आधीच, स्वतंत्र प्लास्टिकच्या नळीने काढून घ्यावे आणि पुढे डीआय रेझिनच्या, म्हणजे पाण्यात उरलेले आयन धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या, कार्ट्रिजमधून न्यावे. खरे तर टाकीसाठी साधे, कसलीही भर न घालणारे वेगळे आरओ-डीआय युनिट बसवणे हाच निर्धोक मार्ग आहे, आणि आमचा आग्रह त्यासाठीच राहील.

इतक्याशा तांब्याने एवढे काय होणार, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून हिशेब मांडतो. दगड आणि वाळू वजा जाता आपल्या टाकीत 180 लिटर पाणी आहे आणि रोज 3 लिटर बाष्प होऊन उडते, असे धरू. उडते ते निव्वळ पाणी. मीठ मागे राहते आणि धातूही मागेच राहतात. भर घालण्याच्या पाण्यात 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे मानकाप्रमाणे पूर्ण स्वीकार्य इतके तांबे असेल, तर रोज 0.15 मिलिग्रॅम आणि 30 दिवसांत 4.5 मिलिग्रॅम तांबे टाकीत येते. ते 180 लिटरमध्ये प्रतिलिटर 25 मायक्रोग्रॅम होते. दुसऱ्या महिन्यात आणखी 25. यातील काही भाग दगड, वाळू आणि शेवाळे शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातील आकडा याहून कमी दिसेल, पण तांबे टाकीच्या बाहेर गेलेले नसते. दर महिन्याला 20 टक्के पाणी बदलतो, या भरवशावरही राहता येत नाही. बदलासाठीचे पाणी अगदी निर्मळ असले तरी, महिन्याला 25 मायक्रोग्रॅमची भर चालूच राहिल्यास हा हिशेब 125 मायक्रोग्रॅमच्या आसपास जाऊनच स्थिरावतो.

बेळगावच्या हवेचाही येथे संबंध आहे. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते, की टाकीचे पाणी फारसे घटत नाही. पाऊस ओसरून कोरडी हवा सुरू झाली, की तीच टाकी दुप्पट पाणी मागू लागते. यंत्र गणपतीत बदलले आणि त्रास दिवाळीनंतर दिसला, यात विसंगती नाही.

आता उपाय. सर्वांत आधी त्या यंत्राचे पाणी टाकीला देणे आजच थांबवावे. बाकीचे सगळे त्यानंतर. कारण भर चालू ठेवून केलेला कोणताही उपाय निष्फळ ठरतो. त्यानंतर खात्रीच्या पाण्यात मीठ कालवून, क्षारता आणि तापमान तंतोतंत जुळवून, चार-पाच दिवसांच्या अंतराने 25 टक्क्यांचे चार बदल करावेत. चार बदलांअंती मूळ पाण्यातील सुमारे 32 टक्केच उरते. एकदम 80 टक्के पाणी बदलण्याचा मोह टाळावा, कारण आधीच खचलेल्या प्रवाळांना तो धक्का सोसवत नाही. याच काळात चांगल्या प्रतीचा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि धातू पकडून ठेवणारे चिलेटिंग रेझिन किंवा पॉलिफिल्टरचा तुकडा, पाणी त्यातून सक्तीने वाहील अशा जागी ठेवावा. समुद्राच्या पाण्यातील तांबे बहुतांशी सेंद्रिय द्रव्यांना चिकटलेले असते, म्हणून कार्बनही उपयोगी पडतो. पॉलिफिल्टर तांबे शोषतो तेव्हा निळसर होतो आणि लोह शोषतो तेव्हा नारिंगी. तो रंग हाच आपल्या हाती येणारा पहिला पुरावा ठरू शकतो, तेव्हा तुकडा बसवल्यानंतर दोन-तीन दिवसांनी काढून उजेडात जरूर पाहावा. स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातील घाण काढणारे उपकरण, थोडा ओला, म्हणजे फेस पातळ निघेल असा, चालवावा.

दुकानदारांनी सुचवलेल्या द्रवांपैकी बऱ्याच द्रवांत धातूला घट्ट धरून ठेवणारी रसायने असतात. धातूचा विखार त्याने काही काळ कमी होतो, हे खरे. परंतु धातू पाण्यातच राहतो, पुढच्या तपासण्यांचे आकडे गोंधळतात आणि स्किमर फेसाने उतू जातो. एका रात्रीत जीव वाचवायचा असेल तर ते वापरण्याला अर्थ आहे. आपले प्रकरण सावकाशीचे आहे.

तपासणीसाठी आयसीपी पद्धतीने, म्हणजे पाण्यातील मूलद्रव्ये अतिसूक्ष्म प्रमाणातही मोजणाऱ्या यंत्राने, तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे दोन नमुने पाठवावेत, एक टाकीचा आणि एक यंत्रातून येणाऱ्या पाण्याचा. बहुतेक जण केवळ टाकीचा नमुना पाठवतात आणि मग आकडा हाती आला तरी तो आला कुठून, हे कळत नाही. स्थानिक पाणी-तपासणी प्रयोगशाळेत जायचे असल्यास हे समुद्राच्या क्षारतेचे पाणी आहे असे आधीच सांगावे, कारण एवढ्या मिठात गोड्या पाण्याची नेहमीची पद्धत अचूक आकडा देईलच असे नाही. टीडीएस मीटरवर मात्र या बाबतीत विसंबू नये, 0.05 मिलिग्रॅम तांबे त्याच्या पडद्यावर एक आकडाही हलवत नाही.

दगड आणि वाळूने शोषलेले तांबे पाणी निवळल्यावर हळूहळू परत सुटते, त्यामुळे रेझिन काही महिने चालू ठेवावे आणि ते संपले की बदलावे. नवे प्रवाळ आणण्याची घाई करू नये. आधी एखाद-दुसरी गोगलगाय आणावी. ती तीन-चार आठवडे काचेवर नेमाने फिरत राहिली आणि लेदर कोरलने आपले तुरे पुन्हा बाहेर काढले, तर पाणी सुधारले असे समजण्यास हरकत नाही.

प्रश्न: आयसीपी अहवालात तांबे 4, जस्त 11, कथील 18, निकेल 9 आणि अ‍ॅल्युमिनियम 35 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आले आहे. लोह शून्य आहे. तीन महिन्यांपूर्वी सम्पची (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीची) पीव्हीसी जोडणी नव्याने केली. प्रवाळ उघडलेले आहेत आणि वाढही दिसते. तरीही अहवालावरील लाल खुणा पाहून झोप लागत नाही. सगळे पाणी बदलू का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: प्रवाळ उघडलेले असतील आणि वाढत असतील, तर सगळे पाणी बदलण्याचे कारण नाही. अहवालातील लाल खुणा नैसर्गिक समुद्राच्या पाण्याशी तुलना करून केलेल्या असतात, आणि घरच्या टाकीत काही मायक्रोग्रॅम जस्त किंवा तांबे आढळणे ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. तांबे 10 मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ लागले, तर मात्र आम्ही शोध सुरू करण्याचा सल्ला देतो.

कथील बहुधा नव्या प्लास्टिकमधून आले असावे. पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी आणि काही सिलिकॉन घट्ट होण्यासाठी कथिलाची संयुगे वापरली जातात. नवी जोडणी सुरुवातीला ती थोडी सोडते आणि पुढे प्रमाण उतरत जाते. अ‍ॅल्युमिनियमसाठी फॉस्फेट काढणारे पांढरे गोळीदार माध्यम किंवा सिरॅमिकचे रिंग व ठोकळे वापरले आहेत का, ते पाहावे. अ‍ॅल्युमिना असलेली माध्यमे टाकल्यावर लेदर कोरल आक्रसल्याचे अनुभव आहेत.

आमची नजर अडखळते ती निकेलच्या आकड्यावर. समुद्रात निकेल अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, आणि 9 हा आकडा टाकीत कुठेतरी धातू गंजत असल्याचे सुचवतो. लोह शून्य आहे म्हणून गंज नाही, असे मानू नये. समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात सुटलेले लोह पाहता पाहता तांबूस गाळ होऊन खाली बसते आणि नमुन्यात येतच नाही. निकेल मात्र विरघळलेले राहते. काच घासण्याचे चुंबक आधी तपासावे. त्यातील शक्तिशाली चुंबकांवर निकेल आणि तांब्याचा पातळ मुलामा असतो. प्लास्टिकच्या कवचाच्या जोडावर केसाएवढी भेग पडली की पाणी आत शिरते, चुंबक फुगतो, आणि जोडरेषेवर प्रथम पिवळसर, मग तपकिरी डाग दिसू लागतो. चुंबकाचा आतला भाग बाहेर काढून, कोरडा पुसून, ती जोडरेष भिंगाखाली पाहावी. नखाने दाबल्यावर कडेतून तपकिरी पाणी आले, तर तो तत्काळ फेकून द्यावा. वेव्हमेकर पंपांची बाहेरची व आतली चुंबके, पंपाच्या फिरत्या भागातील चुंबक आणि शाफ्ट, हीटरच्या टोकाचा रबरी भाग यांनाही हाच न्याय. त्यानंतर दुसरे एखादे मोठे चुंबक पिशवीत घालून वाळूवरून फिरवावे. दिव्यांच्या पट्टीतून गळून पडलेला एखादा स्क्रू असा पुष्कळदा सापडतो.

महिनाभराने दुसरा नमुना पाठवावा. एकाच अहवालापेक्षा दोन अहवालांमधली दिशा अधिक बोलकी असते. कथील उतरले आणि निकेल चढले, तर आपल्याला उत्तर मिळाले.

प्रश्न: आमची द्राक्षबाग आहे आणि घर मळ्यातच आहे. टाकीचे मीठ कालवण्यासाठी फवारणीच्या बादल्यांपैकी एक, नीट धुऊन, वापरली तर चालेल का? बोर्डो मिश्रण सोडून त्यात दुसरे काही कालवलेले नाही.
— एक बागायतदार वाचक, अथणी तालुका

उत्तर: कृपया वापरू नये. ‘बोर्डो सोडून दुसरे काही नाही’ असे आपण लिहिता, पण रीफ टँकच्या दृष्टीने त्याहून वाईट फारसे काही नसते. मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या खड्यांत, वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश तांबे असते. एक टक्क्याच्या बोर्डो मिश्रणात 100 लिटर पाण्यास एक किलो मोरचूद जाते. त्यातील केवळ दोन चहाचे चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर, बादलीच्या ओरखड्यांत आणि कडीच्या खाचेत वाळून राहिले, तर त्यात सुमारे 25 मिलिग्रॅम तांबे असते. 180 लिटरच्या टाकीत ते प्रतिलिटर 140 मायक्रोग्रॅमच्या घरात जाते. गोगलगायींचा सबंध ताफा मरण्यास तेवढे पुरे आहे.

नवी, पांढरी, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची बादली घ्यावी, तिच्यावर ठळक खूण करावी आणि ती घरात, शेतीच्या अवजारांपासून दूर ठेवावी. मोजण्याचे भांडे, ढवळण्याची काठी आणि नळीही वेगळी असावी. बादली नवी घेऊन काठी जुनीच वापरली जाते, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे.

फवारणीच्या दिवशी टाकीच्या खोलीच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. एअर पंप आणि स्किमर खोलीतील हवा सतत पाण्यात ओढत असतात, त्यामुळे वाऱ्याबरोबर आलेले तुषार थेट टाकीत पोहोचतात. फवारणी करून आल्यावर स्नान केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. शेततळ्यातील शेवाळे मारण्यासाठी मोरचूद टाकत असाल आणि तेच पाणी आरओला येत असेल, तर टाकल्यानंतरचे काही आठवडे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरणे श्रेयस्कर. मेम्ब्रेन बहुतांश तांबे अडवते, पण डीआय रेझिनवर ताण येतो आणि संपलेले रेझिन धरलेले आयन पुन्हा सोडू शकते.

प्रश्न: एका मित्राकडून जुनी टाकी, लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेले सच्छिद्र दगड) आणि वाळू स्वस्तात मिळते आहे. त्यांनी पूर्वी त्याच टाकीत पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी तांब्याचे औषध दिले होते. हे सामान रीफ टँकसाठी घ्यावे का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर: काच घ्यावी, दगड आणि वाळू घेऊ नयेत. कॅल्शियम कार्बोनेटचे सच्छिद्र दगड तांबे खोलवर शोषतात, आणि ते केव्हा व किती सुटेल याचा भरवसा कोणालाच देता येत नाही. फक्त मासे ठेवायच्या टाकीसाठी ते दगड चालतील. काचेची टाकी रिकामी करून व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाच्या पाण्याने आतून घासावी, दोन-तीन वेळा आरओ पाण्याने धुवावी, मग खारे पाणी आणि कार्बन घालून आठवडाभर पंप चालवावा आणि ते पाणी फेकून द्यावे. जोडांचे सिलिकॉन निळसर किंवा ठिसूळ दिसत असेल, तर ते काढून नव्याने भरणे उत्तम. फिल्टरचे स्पंज आणि जुने माध्यम टाकूनच द्यावे.

प्रश्न: मिठाचा खर्च वाचवण्यासाठी चोर्ला घाटाने गोव्यात जाऊन समुद्राचे पाणी आणण्याचा विचार आहे. सोबत किनाऱ्यावरची थोडी वाळू आणि प्रवाळाचे तुकडेही आणता येतील. शोभेसाठी आमच्याकडचा जांभा दगड टाकीत ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: पाणी आणता येते, पण कुठून आणि केव्हा हे फार महत्त्वाचे आहे. बंदरे, जेटी आणि बोटी नांगरतात त्या खाड्या पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात. जहाजांच्या तळाला शिंपले-शेवाळे चिकटू नयेत म्हणून जो रंग देतात, त्यात तांब्याची संयुगे असतात आणि ती सतत पाण्यात झिरपत राहतात. पूर्वी या रंगांत ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे अत्यंत जहाल संयुगही असे. त्यावर बंदी आणणारा आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये झाला आणि 2008 पासून अमलात आला, तरी बंदराच्या गाळात त्याचे अंश दीर्घकाळ राहतात. मुरगाव बंदरात लोहखनिज आणि कोळशाची ने-आण होते, तो परिसरही टाळावा. मांडवी आणि झुआरीच्या मुखाशी पावसाळ्यात गोडे पाणी, माती आणि खनिजाची धूळ वाहून येते. म्हणून जून ते ऑक्टोबर पाणी आणूच नये. नंतरच्या कोरड्या महिन्यांत, नदीमुखापासून दूर, मोकळ्या किनाऱ्यावर, भरतीच्या वेळी, पाणी नितळ असताना भरावे. कॅन खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचे असावेत. तेलाचे पत्र्याचे डबे किंवा गॅल्व्हनाइज्ड पिंपे नकोत, कारण खारे पाणी जस्त लगेच उचलते. घरी आणल्यावर क्षारता मोजावी, बारीक गाळणीतून गाळावे आणि कार्बनवरून एक-दोन दिवस फिरवावे. एवढा खटाटोप आणि प्रवासखर्च पाहता, लहान टाकीसाठी चांगल्या प्रतीचे मीठ अधिक सोयीचे ठरते, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

किनाऱ्यावरील वाळू नको. कोकण पट्टीतील वाळूत मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइटचे काळे कण असतात. ते काच घासण्याच्या चुंबकाला चिकटतात आणि काचेवर कायमचे ओरखडे उठतात. प्रवाळांचे तुकडे तर मेलेले असले तरी उचलू नयेत. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षण आहे. ते उचलणे आणि बाळगणे गुन्हा ठरतो, आणि कायदा नसता तरी ते आपल्या किनाऱ्यावरच राहायला हवेत.

जांभा दगड लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला असतो. समुद्राच्या पाण्याच्या सामूला ही ऑक्साइडे फार थोडी विरघळतात, त्यामुळे तो तांब्यासारखा विषारी ठरेल असे नाही. पण तो झिजून लाल पूड सोडत राहतो आणि ती पूड प्रवाळांवर बसते. जांभा बागेतच शोभतो. टाकीत चुनखडीचा किंवा सिमेंट-शिंपल्यांपासून बनवून नीट मुरवलेला दगड ठेवावा.

प्रश्न: मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. टाकीच्या पाइपांना पितळी जोडण्यांऐवजी एसएस 316 या स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प आणि बोल्ट मी स्वतः बनवून बसवले, तर चालेल ना? पंपाचा शाफ्टही बनवायचा आहे.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर: पितळ आणि गनमेटल काढून टाकण्याचा आपला निर्णय अगदी योग्य आहे. मात्र 316 देखील पाण्याखाली किंवा पाण्याचे तुषार उडतात तिथे वापरू नये. क्लॅम्पच्या पट्टीखाली आणि बोल्टच्या आट्यांत, जिथे खारे पाणी अडकून प्राणवायू कमी पडतो, तिथे हे पोलाद आतून कोरले जाते. बाहेरून चकाकताना दिसते आणि क्लॅम्प सैल केला की खाली तपकिरी खड्डे आढळतात. त्यातून लोहाबरोबर निकेल आणि क्रोमियमही पाण्यात उतरते. नळ्यांसाठी प्लास्टिकचे क्लॅम्प आणि सॉल्व्हंटने चिकटवलेली पीव्हीसी जोडणी, बोल्टसाठी नायलॉन, आणि शाफ्टसाठी सिरॅमिक किंवा टायटॅनियम वापरावे. टायटॅनियमचा शाफ्ट आपण लेथवर उतरवू शकाल, परंतु काम झाल्यावर त्यावरील कुलंटचा थर साबणाने आणि मग अल्कोहोलने पूर्ण काढावा.

आणखी एक गोष्ट आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. पितळेच्या टर्निंगचा बुरा नखांच्या कडेला, मनगटावरील केसांत आणि शर्टाच्या बाहीत अडकून घरी येतो. कामावरून आल्यावर टाकीत हात घालायचा असेल, तर कपडे बदलून, हात कोपरापर्यंत ब्रशने घासून धुवावेत, आणि शक्यतो कोपरापर्यंतचे लांब रबरी हातमोजे टाकीशेजारीच कायमचे टांगून ठेवावेत. सुट्ट्या भागांना भोक पाडणे, कानस मारणे ही कामे टाकीच्या खोलीत करू नयेत.